मुलांना सांगण्यासारख्या डॉल्फिनच्या गमती कोणत्या?

तुमचा मुलगा तिसरीत आहे आणि त्याला शाळेत डॉल्फिनवर दोन मिनिटं बोलायचंय असं तुम्ही लिहिलंय. आम्ही ऐरोलीला राहतो, गेल्या वर्षी भाचीसाठी हेच सगळं करून झालंय, म्हणून आधीच सांगतो, 'डॉल्फिन हा हुशार प्राणी आहे' अशी सुरुवात नको, पोरं जांभया देतात.

झोपेपासून सुरू करा. आपण झोपलो तरी श्वास आपोआप चालू असतो, डॉल्फिनला मात्र प्रत्येक श्वासासाठी स्वतःहून पाण्याच्या वर यावं लागतं (मासा नाहीच तो, त्याला फुप्फुसं असतात, पिल्लं आईचं दूध पितात), मग गाढ झोपला तर संपलंच की! म्हणून एका वेळी मेंदूची एकच बाजू झोपते, दुसरी जागी, आणि बऱ्याचदा एक डोळाही उघडा. भाचीला पटेना. मग म्हटलं आपल्या ठाणे-वाशी लोकलमधले काका आठव, ठाण्यापासून घोरत असतात पण कोपरखैरणे आलं की बरोब्बर दाराशी उभे. लगेच पटलं.

मग आवाज. डॉल्फिन कपाळातून टिकटिक सोडतो, ती माशावर आपटून परत येते आणि खालच्या जबड्यातल्या चरबीतून कानापर्यंत पोचते, म्हणजे हा जबड्याने ऐकतो! गंगेतला डॉल्फिन तर जवळपास आंधळाच, सगळं काम आवाजावर. आपल्या खाडीचं पाणी बघितलंय ना, तसल्या गढूळ पाण्यात डोळे असून तरी काय दिसणार. २००९ साली त्याला राष्ट्रीय जलचर केलंय, हे टीचरना आवडतं. बॉटलनोज डॉल्फिनची तर प्रत्येकाची आपली वेगळी शिट्टी असते, आपल्या नावासारखी.

शेपटी हाताने करून दाखवायला सांगा, माशाची डावी-उजवी, डॉल्फिनची वर-खाली.

कोणीतरी विचारेलच की ऐरोलीच्या खाडीत दिसतो का. खाडीत फ्लेमिंगो बघायचे, डॉल्फिनसाठी समुद्र गाठा, मुंबईच्या किनाऱ्यालगत पाठीवर कुबड असलेले हंपबॅक डॉल्फिन आहेत आणि दापोलीकडे होडीतून दाखवायला नेतात.

आणि हो, किलर व्हेल नावाला व्हेल, पण तो डॉल्फिनच, सगळ्यात मोठा. हे मात्र शेवटी ठेवा, भाचीने सुरुवातीलाच सांगितलं तर अर्धा वर्ग भांडायला उठला आणि तिची दोन मिनिटं तिथेच गेली.