दोरी कधी सोडायची

बाळा,

घरातलं माणूस गेल्यापासून शिकारी पक्षी पाळावासा वाटतोय, असं लिहिलंस. अवश्य पाळ, पण एवढ्यात नको. हॅरिस हॉक, म्हणजे नवशिके बहुधा पाळतात तो ससाण्यासारखा शिकारी पक्षी, नीट सांभाळला तर वीसेक वर्षं जगतो, आणि तुझ्या वाईट दिवशीही त्याला खायला लागतंच. तोवर जाणत्या बाजदाराच्या हाताखाली राब, परवान्याचं उरकून घे.

सगळी भिस्त वजनावर: पोट भरलेला पक्षी हाताकडे येत नाही, थोडा भुकेला असला तरच येतो. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, रोज ठरलेली वेळ, आणि वही. न पचलेल्या पिसा-केसांची गोळी पक्षी सकाळी ओकतो. वजन त्यानंतर, खाणं त्याच्याही नंतर. छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंनी बोट फिरवत जा. हाड सुरीसारखं टोचलं तर पक्षी नुसता भुकेला नाही, खंगलाय. अशा वेळी शिकवणं बंद कर आणि पक्ष्यांचा डॉक्टर गाठ.

सुरुवातीला फक्त हातमोज्यावर बसवायचं, नजर न रोखता. तो फडफडून उलटा लटकेल. ओढू नकोस, छातीखाली हात देऊन हळूच वर घे. दुःखात अंग ताठतं, मूठ आवळली जाते, आणि त्याला ते पायांतून कळतं. फार भरून आलं असेल त्या दिवशी त्याला बैठकीवरच खाऊ घाल.

मग मुठीवर एक उडी, हातभर अंतर, आणि पुढे पायाला बांधलेल्या लांब दोरीवर तीस मीटर. दुःखातली माणसं नेमकी इथे अडतात. एकदा गमावल्यावर मोकळं सोडायला हात धजत नाही. ‘अजून आठवडाभर’ म्हणत दोरी राहते, नाहीतर परत यावाच म्हणून वजन आणखी उतरवलं जातं. हे दुसरं जास्त वाईट: पक्षी किंचाळू लागतो, चिडका होतो, थंडीच्या रात्री मरूही शकतो.

सलग चार दिवस तीस मीटरवरून शिट्टीसरशी, न रेंगाळता आला, की त्याच वजनाला, वारा नसलेल्या सकाळी दोरी सोड. हरवला तर शोधता यावा म्हणून त्याच्या अंगावर लावलेल्या ट्रान्समीटरची बॅटरी आधी तपास. त्याला धरायला पायांत ज्या पट्ट्या असतात, त्या चीर नसलेल्या घाल; चिरेत फांदी अडकली तर तो झाडावरच लटकून मरतो.

झाडावर बसून राहिला तर मागे धावू नकोस. मांस दिसेल अशी मूठ वर धर आणि थांब. अंधार पडला तर झाड नीट लक्षात ठेव, आणि उजाडायच्या आधी त्याच झाडाखाली जाऊन उभं राहा.