मॅकबेथ वाचताना सगळं खापर चेटकिणींवर फोडू नकोस
अरे शेक्सपिअरचं हे नाटक पहिल्यांदाच वाचतोयस ना, मग चेटकिणींनी मॅकबेथची वाट लावली असं लिहून मोकळा होऊ नकोस. त्या त्याला फक्त तू राजा होशील म्हणतात, खून कर असं एकदाही म्हणत नाहीत. पहिल्या अंकातला सातवा प्रवेश सावकाश वाच, तिथे मॅकबेथ स्वतःच सगळं मांडतो, डंकन माझा नातलग, माझा राजा, त्यात आज माझ्या घरी पाहुणा, दार मी राखायचं तर सुरा मीच कसा उचलू, आणि बायकोला सरळ सांगतो की हे आता पुढे न्यायचं नाही. म्हणजे माणसाला सगळं कळतंय आणि तरी करतो, मला तर तिथेच पोटात तुटतं.

मग पुढे प्रत्येक खुनाला मन तयार व्हायला त्याला किती वेळ लागतो तेवढं बघत जा. डंकनच्या वेळी केवढी घालमेल, खुनानंतर तोंडातून आमेनसुद्धा निघत नाही. बँको म्हणजे त्याचा सोबती सरदार, त्याच्यासाठी मारेकरी पाठवतो, बायकोलाही पत्ता लागू देत नाही. मॅकडफ या विरोधात गेलेल्या सरदाराच्या बायकोमुलांच्या वेळी तर विचारच नको, मनात आलं की लगेच हात चालला पाहिजे म्हणतो.

लेडी मॅकबेथवर मात्र वेगळं लिही, तिचं सगळं उलटं होतं, आधी ती घट्ट असते आणि पाचव्या अंकात झोपेत हात चोळत फिरते.