पोती उचलण्याची यंत्रे : डीलरकडे जाण्याआधी एवढे वाचा

गोव्यातल्या वाळपईकडच्या एका शेतकऱ्याचा प्रश्न आहे : सरदाचे (पावसाळी हंगामाचे) भात माळ्यावर चढवायला डीलर 400 किलोचा इलेक्ट्रिक होइस्ट, म्हणजे तारेने ओझे वर ओढणारे यंत्र, सांगतो, घेऊ का? सावईवेऱ्याहून विचारले आहे, की कुळागरातली (पोफळी-माडांच्या बागेतली) सुपारी आणि नारळ चढणीने रस्त्यापर्यंत आणायला मोटरची ट्रॉली बरी का?

आधी होइस्ट. डीलर 400 म्हणतो, पण यंत्रावरची पाटी नीट वाचा. या छोट्या होइस्टवर बहुधा 200/400 असे छापलेले असते. तार एकेरी असेल तर 200, आकड्याची (हुकाची) कप्पी लावून दुहेरी केली तरच 400, आणि तेव्हा उचलण्याचा वेग निम्मा. पाटीवर एस-3, 25 टक्के असेल, तर दहा मिनिटांत अडीच मिनिटेच मोटर चालवायची. मळणीच्या घाईत कोण घड्याळ बघतो? मग कॉइल जळते आणि डीलर म्हणतो, तुमचे व्होल्टेज कमी.

त्याहून मोठी गोष्ट : पाटीवरचा आकडा होइस्टचा आहे, तुमच्या घराचा नाही. माडाच्या वाशाला, कौलारू छपराच्या लाकडी पट्टीला होइस्ट टांगू नका. हाताने साखळी ओढून चालवायचा चेन ब्लॉकही नको. चिऱ्यांच्या जुन्या भिंतीवर टेकवलेला लोखंडी पाइपही नको. "एक टनाचा घ्या, कायमचा प्रश्न मिटला" हा सल्ला तर मुळीच ऐकू नका. एक टनाचा घेतला की पोती एकावर एक बांधून एकदम चढवायचा मोह होतो, आणि वासा खाली येतो. तुळई इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काहीही टांगायचे नाही. टांगलेच, तर पोत्याखाली कोणी उभे राहायचे नाही आणि आकड्याला धरून माणसाने वर जायचे नाही.

माझे मत विचाराल तर भात माळ्यावर नेऊच नका. तळमजल्यावर लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून रचा. आणि पोते 30 किलोच्या वर भरू नका. पोत्यामागे मजुरी ठरवता म्हणून पोती फुगतात. मजुरी क्विंटलवर ठरवा, पोती आपोआप लहान होतील. युरियाची गोणी आता 45 किलोची आहे. तीही पाठीवर नको, चाकावर घ्या. आकडा मारून ओढू नका. पावसाळ्यात त्या भोकातून दमट हवा शिरते आणि खताचा दगड होतो.

घ्यायचीच तर हवेच्या चाकांची दोनचाकी हातट्रॉली घ्या. बारीक टणक चाके दुकानाच्या फरशीवर छान पळतात, अंगणातल्या चिखलात रुततात. टेम्पोचा हौदा 75 सेंटीमीटर उंच असेल तर 3 मीटरची मजबूत फळी लावा. ट्रॉलीसकट 60-65 किलो वजन पंधरा-वीस किलोच्या जोरात चढते. चढताना काय, उतरताना काय, माणूस वरच्या अंगाला, ओझे खालच्या अंगाला.

कुळागरासाठी आधी वाट, मग गाडी. पाटाच्या कडेने वळणे घेत जाणारी वाट करा आणि तिच्यावर एकचाकी गाडी चालवा. पोफळींच्या ओळींतून ती सहज निघते. मोटरची ट्रॉली शोरूममध्ये बघून घेऊ नका. भरलेली ट्रॉली ओल्या चिऱ्यांच्या उतरणीवर ब्रेक धरते का, हे तुमच्याच कुळागरात दाखव म्हणावे. डीलर टाळाटाळ करील. केली, तर उत्तर मिळाले.

अनुदानाचे थोडक्यात : कृषी यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय योजनेत साधारण 40 ते 50 टक्के मिळते, पण यादीतल्या यंत्रांनाच. कृषी कार्ड (शेतकरी म्हणून नोंदणीचे कार्ड) घेऊन आमच्या विभागीय कृषी कार्यालयात या आणि यादी बघा. मंजुरी हातात येण्याआधी बिल करू नका. गणेश चवथीच्या ऑफरला भुलून यंत्र आधी आणले आणि अर्ज मागाहून केला, अशांना आम्हाला दर वर्षी परत पाठवावे लागते. "अनुदान मी करून देतो" म्हणणाऱ्या डीलरला आगाऊ पैसे तर अजिबात देऊ नका.