पाठीवरचे जांभळे गोल डाग, आणि सासूबाईंची तुंबडी

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, पोरगं तालमीत जातं, खांदा दुखावला म्हणून मित्राबरोबर कुठल्यातरी सेंटरला जाऊन कपिंग, म्हणजे कातडी ओढून धरणारे कप पाठीला लावून आलं. पाठभर जांभळे गोल बघून माझा जीवच गेला. तिथं सांगितलं म्हणे, डाग जेवढा काळा तेवढं अंगातलं विष बाहेर आलं. सासूबाई म्हणतात ही तर वैदू लावायचे ती तुंबडी, यात नवं काय. आता म्हणतोय पुढच्या वेळी रक्त काढून घेणार. करू द्यावं का? – एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर: ताई, रक्त काढायचं तेवढं आधी थांबवा, बाकी निवांत वाचा.

सासूबाईंचं बरोबर आहे. सुश्रुतसंहितेत रक्त काढायला वाताच्या त्रासात शिंग, पित्तात जळू आणि कफात भोपळा सांगितलाय, आणि भोपळा लावायचा तो आत दिवा ठेवून. आतली हवा तापते, कातडीवर टेकवला की दिवा विझतो, हवा गार होऊन आकसते आणि कातडी वर ओढली जाते. आज काचेच्या कपात ज्योत फिरवतात ते हेच, पंपवाल्या प्लास्टिकच्या कपानं फक्त दिव्याची कटकट वाचवली. अर्थात हे एकट्या आपलंच नाही, जुन्या ग्रीक वैद्यांकडे होतं, अरबांकडे हिजामा आहे, चीनमध्ये तर आजही जोरात चालतं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला पोहणाऱ्या मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर हे डाग दिसले आणि जिमवाल्या पोरांना याचं वेड लागलं, वैदूच्या तुंबडीकडे मात्र कुणी ढुंकून बघत नव्हतं, असो.

विष वगैरे काही नाही हो. ओढ बसली की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त तिथंच साकळतं, दारात बोट चेमटल्यावर निळं पडतं तसं. विष काढायचं काम लिव्हर-किडनीचं. आराम वाटतो हे खरंय, मान-पाठदुखीवर अभ्यास झालेत, थोडा फायदा दिसतोही, पण पुरावा कच्चा, कारण तुलनेला खोटी तुंबडी लावायची कशी, ओढ बसली की नाही ते पेशंटला लगेच कळतं ना.

जळूचं बघा. १८८४ मध्ये जॉन हेक्राफ्ट या ब्रिटिश शास्त्रज्ञानं दाखवलं की तिच्यात रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, तोच पुढं हिरुडिन. तुटलेलं बोट परत जोडलं की कधीकधी रक्त आत जातं पण शिरांतून बाहेर पडत नाही आणि बोट काळंनिळं पडतं, तिथं जळू लावतात. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्यानं, २००४ साली याला परवानगी दिली. त्या जळवा खास पाळलेल्या असतात आणि वर अँटिबायोटिक चालू ठेवतात. जळू नेमकं काय करते ते सापडलं म्हणून ती ऑपरेशनवाल्यांपर्यंत पोचली, तुंबडीत तसं अजून काही हाती लागलेलं नाही.

तुमच्या पोरानं कधीतरी कोरडं, म्हणजे रक्त न काढता, कपिंग केलं तर बिघडत नाही, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा कातडीवर जखम असेल तर तेही नको. रक्त काढायला मात्र ब्लेडनं चिरा देतात, ब्लेड कुणावर वापरलेलं कोण सांगणार, हिपॅटायटिस बी असाच पसरतो. आणि त्या उघड्या चिरा घेऊन दुसऱ्या दिवशी हा कुस्तीच्या हौद्यात उतरणार! तांबड्या मातीत ताक, तेल, हळद घातलेली असली तरी जखमेत गेली की ती मातीच. वस्तादांना सांगून काही दिवस जोर-बैठका आणि कुस्ती बंद ठेवा. हात डोक्यावर जात नसेल किंवा रात्री कुशीवर झोपताना ठणकत असेल तर हाडांच्या डॉक्टरला दाखवा, तिथं कपिंगवर वेळ घालवू नका.

प्रश्न: होमिओपॅथी पण आयुर्वेदातूनच आली ना? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: नाही. ती जर्मनीच्या सॅम्युएल हानेमान या डॉक्टरची, सुरुवात १७९६ ची, म्हणजे प्राचीन वगैरे पण नाही. आपल्याकडे दोन्ही आयुष मंत्रालयाखाली येतात म्हणून गल्लत होते.