शनिवारवाड्याजवळचा आमचा जुना वाडा पाडून इमारत बांधायची आहे. परवानगीला किती वेळ लागेल?

वेळेचं नंतर बघू. आधी वाड्याची एक वीटही हलवू नका.

शनिवारवाडा केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. त्याच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, पुढचे २०० मीटर विनियमित, म्हणजे परवानगी घेऊनच बांधायचं. अंतर स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून मोजतात, त्याच्या मुख्य दिल्ली दरवाजापासून नाही. तेव्हा आर्किटेक्टच्या अंदाजावर जाऊ नका, मोजणी नकाशावर रेघ मारून घ्या.

१०० मीटरच्या रेघेच्या आत नवं बांधकाम नाहीच, आणि आहे त्याच मापात पुनर्बांधणीही नाही. प्राचीन स्मारकांच्या केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये बदल झाला, तेव्हापासून हे कायद्यातच लिहिलंय. वास्तूची दुरुस्ती तेवढी करता येते, तीही १६ जून १९९२ पूर्वीच्या किंवा नंतर रीतसर परवानगीने बांधलेल्या वास्तूची. आता होतं काय, महापालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस येते आणि बिल्डर म्हणतो, "आधी उतरवून टाकू, एनओसीचं मी बघतो." वाडा उतरला की दुरुस्त करायला काही उरतच नाही. हातात मोकळी जागा, आणि भाडेकरूंचे दावे जिथल्या तिथे! नोटीस आली तर टेकू लावा, स्ट्रक्चरल ऑडिट करा, खोलीन्‌खोलीचे फोटो काढा आणि दुरुस्तीचा अर्ज टाका. पुराव्याला मिळकत पत्रिका, जुना मंजूर नकाशा, घरपट्टीच्या पावत्या जोडा.

विनियमित क्षेत्रात असाल तर इमारत होऊ शकते. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातो. त्याने १५ दिवसांत तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, त्यांनी दोन महिन्यांत कळवायचं, मग महिन्याभरात निर्णय. म्हणजे कागदावर साडेतीन महिने. त्रुटी निघाली की गणित कोलमडलं. सगळ्यात जास्त घोळ उंचीचा. जिन्याची हेडरूम, कठडा, पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, सगळं धरून एकूण उंची लिहायची. नुसती स्लॅबपर्यंतची लिहिलीत तर टाकी बसवायला जागा उरणार नाही. महापालिकेची नकाशा मंजुरी वेगळी, ती सक्षम प्राधिकाऱ्याच्या या परवानगीला (एनओसीला) पर्याय नाही. विनापरवाना बांधलंत तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

"कायदा बदलतोय, थोडं थांबा" असं सांगणारे एजंट भेटतील. २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालेलं दुरुस्ती विधेयक केंद्राच्या सार्वजनिक कामांपुरतं होतं, खासगी वाड्यांना त्यात काहीच नव्हतं.

हो, वाडा पुण्याच्या वारसा यादीतही असेल तर वारसा समितीचीही मंजुरी लागेल. ते आधी तपासा.