किशोरवयीन मुलीला ख्रिस्ती श्रद्धेच्या आधारे स्वतःच्या शरीराविषयी निरोगी दृष्टी कशी द्यावी?

आपली चौदा वर्षांची मुलगी आरशासमोर रडते, तेव्हा वडोदऱ्यातील ख्रिस्ती आईने तिला काय सांगावे, असे आपण विचारले आहे. प्रथम घरातील बोलणे तपासावे, नाताळचे कपडे शिवायला देताना शिंप्याच्या टेपखाली पोट आत ओढून उभ्या असलेल्या मुलीला मावशीने सहज “किती सुटलीस गं!” म्हटले, तरी ते वर्षानुवर्षे तिच्या मनात राहते. या वयात वजन वाढणे हा वाढीचाच भाग आहे, हे तिला स्पष्ट सांगावे. बायबलमधील १ शमुवेल १६:७ म्हणते की परमेश्वर हृदय पाहतो, आणि त्याच अध्यायात पुढे राजा झालेल्या दाविदाच्या सुंदर डोळ्यांचाही उल्लेख येतो. म्हणजे रूपाचा आनंद घेणे पाप नव्हे, मात्र रूपावरून माणसाची किंमत ठरत नाही. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, हे वचन वजनावरून टोचण्यासाठी कृपया वापरू नये, कारण प्रेषित पौलाने करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळीस ते व्यभिचाराच्या संदर्भात लिहिले. देवाने आपल्याला आईच्या उदरात घडवले असे सांगणारे स्तोत्र १३९ तिच्यासोबत सावकाश वाचावे. ती जेवण टाळत असेल, जेवल्यावर मुद्दाम उलटी करत असेल किंवा तिची पाळी थांबली असेल, तर प्रार्थनेबरोबरच तिला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.