वाचक विचारतात : उंदराचा एमएस बरा झाला, मग माणसाचा का नाही?

प्रश्न : माझ्या बहिणीला चार वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. अधूनमधून ‘अमुक औषधानं उंदरांचा एमएस बरा झाला’ अशी बातमी फोनवर येते आणि घरात सगळ्यांच्या आशा पल्लवित होतात. पुढं त्या औषधाचं नावही ऐकू येत नाही. मुळात उंदरांना एमएस होतो का? (सातारा)

उत्तर : नाही. एमएसमध्ये, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, रोगप्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या वेष्टणावरच हल्ला करते. साध्या उंदराला हा आजार आपणहून होत नाही, तो प्रयोगशाळेत मुद्दाम घडवावा लागतो. त्याचं नावही वेगळं आहे : प्रायोगिक ऑटोइम्यून एन्सेफॅलोमायलायटिस, संशोधकांच्या तोंडी ‘ईएई’.

याचं मूळ पूर्वी कुत्रं चावल्यावर पोटात घ्याव्या लागणाऱ्या चौदा इंजेक्शनांशी जोडलेलं आहे. पाश्चर यांची रेबीजची लस सशाच्या मज्जारज्जूपासून बनायची. आपल्याकडची सेम्पल लस कसौलीत 1911 मध्ये तयार झाली, ती मेंढीच्या मेंदूपासून बनवली जाई. लशीतला विषाणू फेनॉलनं मारलेला असे, पण मेंदूचा अंश तसाच राही. त्यामुळं मोजक्या लोकांना रेबीज नसतानाही लशीनंतर लुळेपणा येई. दोष विषाणूचा की मेंदूच्या अंशाचा? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स यांनी 1933 आणि 1935 मध्ये माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क पुन्हापुन्हा टोचला, अगदी डझनावारी वेळा. काही माकडं लुळी पडली आणि त्यांच्या मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण झडलेलं दिसलं. म्हणजे दोष मेंदूच्या अंशाचा होता. त्याच्यामुळं रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटू शकते, हे तिथं पहिल्यांदा नीट दिसलं. आजचा उंदराचा प्रयोग म्हणजे याच अपघाताची काटेकोर मापात केलेली पुनरावृत्ती.

प्रश्न : मी जीवशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. आमच्या प्रयोगात दहापैकी जेमतेम चार-पाच माद्यांना ईएई होतो, तोही वेगवेगळ्या दिवशी. चूक कुठं होत असावी? (पुणे)

उत्तर : बहुतेक वेळा चूक इमल्शनमध्ये, म्हणजे टोचायच्या तेल-पाण्याच्या घट्ट मिश्रणात, सापडते, म्हणून तिथूनच सुरुवात करा.

‘सी57 ब्लॅक 6’ जातीच्या 9 ते 13 आठवड्यांच्या माद्या आणि मायलिनमधल्या एमओजी प्रथिनाचा 35 ते 55 हा तुकडा, असं धरून सांगतो. तुकडा सलाइनमध्ये 2 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असा विरघळवा. त्यात तेवढंच कम्प्लीट फ्रॉइंड ॲडजुव्हंट मिसळा. हे म्हणजे खनिज तेल आणि त्यात मारलेले क्षयाचे जंतू. बाजारातल्या बाटलीत जंतू सहसा 1 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असतात आणि या कामाला ते कमी पडतात. क्षयाच्याच एच37आरए जातीचे वाळवलेले जंतू वरून घालून प्रमाण 4 पर्यंत न्यावं लागतं. ते तळाशी बसतात, त्यामुळं प्रत्येक वेळी बाटली खळखळून हलवा. न हलवता वरचं नुसतं तेल ओढलं, तर पहिल्या पिंजऱ्यातल्या माद्या ठणठणीत राहतात आणि शेवटच्या पिंजऱ्यातल्या फारच आजारी पडतात.

काचेच्या दोन सिरिंज थ्री-वे कॉकनं जोडून मिश्रण इकडून तिकडं ढकलत राहा, दट्ट्या जड जाईपर्यंत. सिरिंज मधूनमधून बर्फावर ठेवा. मग एक थेंब थंड पाण्यावर सोडा. तो श्रीखंडासारखा घट्ट गोळा होऊन राहिला तर जमलं, पसरला तर आणखी ढकला. इमल्शन फुटलं की तुकडा लगेच वाहून जातो आणि लसिकाग्रंथींना पुरेसा वेळ चिथावणी मिळत नाही. बरंचसं मिश्रण सिरिंजला चिकटून वाया जातं, तेव्हा लागेल त्याच्या दीडपट करा. पाठीवर त्वचेखाली दोन ठिकाणी 100-100 मायक्रोलिटर द्या, म्हणजे एका मादीला 200 मायक्रोग्रॅम तुकडा आणि 400 मायक्रोग्रॅम जंतू पोचतात. सुई स्वतःच्या बोटात जाऊ देऊ नका, या तेलाची गाठ महिनोन्महिने ठणकते.

दुसरा संशयित म्हणजे डांग्या खोकल्याच्या जंतूचं विष, पर्ट्युसिस टॉक्सिन. ते त्याच दिवशी आणि 48 तासांनी पोटाच्या पोकळीत देतात, साधारण 200 नॅनोग्रॅम. मात्र त्याचा जोर प्रत्येक लॉटमध्ये वेगळा असतो. लॉट बदलला की आधी चार-पाच माद्यांवर मात्रा ठरवून घ्या. कमी पडलं तर आजार होत नाही, जास्त झालं तर माद्या मरतात.

माद्या नुकत्या प्रवास करून आल्या असतील तर आठवडाभर विसावू द्या. ताणानं स्टिरॉइड वाढतात आणि आजार दबतो.

लक्षणं 9 ते 14 व्या दिवसांत दिसतात, वजन त्याच्या एक-दोन दिवस आधीच उतरू लागतं. निरोगी मादीला शेपटीनं उचललं की शेपटी ताठ होते आणि मागचे पाय फाकतात. आजार वाढेल तसा गुण वाढतो : शेपटी ओल्या सुतळीसारखी लोंबली तर गुण 1, मागचे पाय अशक्त झाले तर 2, पूर्ण लुळे पडले तर 3, पुढच्या पायांपर्यंत पोचलं तर 4, मरणासन्न किंवा मृत 5. कुठल्या पिंजऱ्याला औषध दिलंय हे गुण देणाऱ्याला कळता कामा नये. गुण 2 च्या पुढं मादीला वरच्या जाळीतलं खाणं गाठता येत नाही. भिजवलेलं खाद्य जमिनीवर ठेवा आणि पाण्याची नळी लांब लावा. नाहीतर ती भुकेनं खंगते आणि तुम्ही ते आजाराच्या खात्यावर मांडता. 4 गुणांवर किती वेळ थांबायचं, हे प्राणी नैतिक समितीच्या मंजुरीत लिहिलेलं असतं. ते पाळाच.

प्रश्न : हल्ला मेंदूवर होतो, तर मग पाठीवर टोचून कसं चालतं? (नाशिक)

उत्तर : प्रश्न चांगला आहे. पाठीतला तुकडा डेंड्रायटिक पेशी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या टेहळ्या पेशी, उचलतात आणि जवळच्या लसिकाग्रंथीत नेऊन सीडी4 टी-पेशींना, म्हणजे हल्ल्याची सूत्रं हलवणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. मायलिन ओळखू शकणाऱ्या थोड्या टी-पेशी निरोगी शरीरातही असतात, पण सुप्त. मेलेल्या जंतूंमुळं तिथं धोक्याची घंटा वाजलेली असते, त्यामुळं त्या चिडतात, दुणावतात आणि आयएल-17 किंवा इंटरफेरॉन-गॅमा ही दाह भडकवणारी प्रथिनं सोडणाऱ्या बनतात. मग रक्तातून मज्जारज्जूच्या शिरांपाशी येऊन अल्फा-4 इंटिग्रिन या हुकासारख्या आकड्यानं भिंतीला अडकतात आणि आत शिरतात. आतल्या पेशींनी त्यांना पुन्हा मायलिन दाखवलं की मॅक्रोफेज या गिळंकृत करणाऱ्या पेशी बोलावल्या जातात आणि वेष्टण सोललं जातं.

हाच हूक 1992 मध्ये उंदरांच्या मोठ्या भावांत, म्हणजे रॅट्समध्ये, अँटिबॉडीनं झाकला तेव्हा लुळेपणा टळला. त्यातून नॅटालिझुमॅब हे एमएसचं औषध आलं आणि 2004 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. काही महिन्यांतच ते मागं घ्यावं लागलं. मेंदूची पहारेदारी थांबल्यामुळं काही रुग्णांच्या मेंदूत एरवी सुप्त असणाऱ्या जेसी विषाणूनं डोकं वर काढलं होतं. 2006 पासून ते देखरेखीच्या अटींसह पुन्हा मिळू लागलं. ही गुंतागुंत ईएईत दिसलीच नव्हती. दिसणार कशी? माणसाचा जेसी विषाणू त्या प्राण्यांत नसतोच.

प्रश्न : मग बातमी वाचताना नेमकं काय बघायचं? (पणजी)

उत्तर : पहिलं, औषध कधी दिलं. टोचण्याच्या दिवसापासून दिलं असेल तर आजार बरा केलेला नाही, होऊच दिलेला नाही. माणूस डॉक्टरकडं येतो तो हल्ला होऊन गेल्यावर. पाय लुळे पडल्यानंतर सुरू करूनही गुण उतरला असेल, तर बातमी वाचण्याजोगी.

दुसरं, उंदीर कोणता. ब्लॅक 6 मध्ये आजार एकदाच चढतो आणि मग रेंगाळतो. एसजेएल जातीत मायलिनमधल्याच पीएलपी प्रथिनाचा 139-151 हा तुकडा दिला तर तो येतो-जातो, बहुतेक रुग्णांच्या एमएससारखा. शिवाय उंदरात मारा मुख्यतः मज्जारज्जूवर, माणसात मेंदूवरही.

तिसरं, माणसांत काय झालं. टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन अडवणाऱ्या लेनरसेप्टनं उंदीर सुधारले, रुग्णांचे हल्ले मात्र वाढले. तशीच आयएल-12 आणि आयएल-23 ही प्रथिनं अडवणारं उस्टेकिनुमॅब सोरायसिस या त्वचारोगावर चालतं, एमएसवर निष्प्रभ ठरलं. उलटही घडलंय. एमओजी 35-55 चा ईएई बी-पेशींशिवायही, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींशिवायही, होतो, त्या उंदरावर विसंबलो असतो तर 2017 मध्ये मंजूर झालेलं बी-पेशी हटवणारं ओक्रेलिझुमॅब कुणाला सुचलं नसतं. आणि ग्लॅटिरामर हे एमएसचं औषध तर इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत ईएई *घडवण्यासाठी* बनवलं होतं, त्यानं तो रोखला.

प्रश्न : बहिणीला प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा देऊ का? (सातारा, याच पत्रातून)

उत्तर : तिची प्रतिकारशक्ती कमी नाही, चुकीच्या जागी जोरात आहे. काढ्यातले घटक डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका, आणि त्याच्या भरवशावर चालू औषध तर मुळीच थांबवू नका. नॅटालिझुमॅब किंवा फिंगोलिमॉड ही एमएसची औषधं एकदम बंद केल्यानं जोरदार हल्ले आल्याचं दिसलंय. जिवंत विषाणूची लस घ्यायची असेल तर तीही न्यूरॉलॉजिस्टला विचारूनच.